हातचा

आमच्या दोघांत मिळून एक ट्रॅक्टर आहे,
निळा, बुटका, पंचवीस घोड्यांचा.
माझ्याकडे छप्पर नाही, ताउनोकडे हिशेब नाही,
म्हणून तो उभा राहतो त्याच्या रिकाम्या गोठ्यात
आणि वही मी लिहिते.
पेन्सिल दोरीनं खिळ्याला बांधलीय,
यूकाच्या हिवाळ्यात पेनांची शाई गोठते.

गवत कापताना तासाला अडीच लिटर, फार तर तीन.
नांगराला चार,
दगड लागले तर शिव्या धरून साडेचार.
बर्फाचं बर्फावर आहे :
भुकटी असली तर तीन,
मार्चमधलं ओलं, हट्टी, पाचसुद्धा पिऊन जातं.
बर्चचे ओंडके तळ्याकडून वर ओढायला दोनाच्या आसपास.
आणि नुसतं जागेवर धुगधुगायला
पाऊण.
हे शेवटचं वहीत कधीच नव्हतं.
उभं राहायला कोण डिझेल जाळतं?

एकतीस वर्षं दूध सोसायटीत मी फॅट मोजली.
कोणाच्या कॅनमध्ये विहिरीचं पाणी आहे
ते आकडा वर यायच्या आत कळायचं मला.
तरी जानेवारीच्या पानावर अडले :

ताउनो. अकरा तास. काम : बर्फ.
टाकी भरायला लागलं, नऊ लिटर.

पुन्हा केलं. पिंपात काठी घालून पाहिली,
शेतीच्या डिझेलचा लाल रंग बोटांना लागला,
आकडा तोच.
गळती असती तर जास्त गेलं असतं.
चोरी असती, तरी जास्तच.
कमी जाणं कुठल्या खात्यात टाकतात
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि बर्फ कसला?
त्या आठवड्यात उणे अठ्ठावीस होतं,
इतक्या थंडीत आभाळाला पडायचंही सुचत नाही.

रात्री अंथरुणात गुणाकार आपोआप झाला.
अकरा पाऊण सव्वाआठ.
वरचं थोडं थंडीनं खाल्लं असेल.
हातचा काय तो उरला.

इर्या नोव्हेंबरपासून योएन्सूला असते, वृद्धाश्रमात.
पहिल्याच रविवारी तिनं ताउनोला 'तुम्ही' म्हटलं,
कोट घ्या, बसा, लांबून आलात का.
हे मला त्यानं सांगितलं नव्हतं.
बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सातला गेले.
गोठ्याची दोन्ही दारं सताड उघडी,
दिवे बंद, इंजिन चालू,
तो सीटवर, हातमोजे स्टिअरिंगवर,
तोंड तळ्याकडे.

"इंजिन गरम करतोय," तो म्हणाला.
"कर."

मी मडगार्डवर बसले.
पत्र्यातून ती थरथर वर आली,
आधी गुडघ्यांत, मग दातांत,
मग कुठे कुठे आहे ते कळेनासं झालं.
खूप वेळानं म्हणाला,
"घरात फक्त फ्रिज बोलतो.
तोही मधेच थांबतो गं, हिल्का."
यावर काय बोलायचं असतं?
मी म्हटलं, "फिल्टर बदलायला झालाय."
"हो," तो म्हणाला, "ऐकू येतंय."

साडेआठला त्यानं किल्ली फिरवली.
शांतता लगेच आली नाही,
बराच वेळ दारातच घुटमळत होती.

सकाळी वही पाहिली.
त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात : दीड तास.
नावाच्या रकान्यात त्याचं नाव, स्वल्पविराम, माझं.
कामाचा रकाना कोरा.
पेन्सिल टेकवल्याचा एक ठिपका तेवढा होता.

लिटरला थोडं वर, निम्मं माझं.
सुटे पैसे डब्यात टाकले.
मग त्या ठिपक्यापासूनच सुरू करून
मी लिहिलं : बर्फ.

बाहेर लख्ख कोरडं होतं,
तळ्यापलीकडचं एकेक झाड मोजता आलं असतं.